कपाळावरची नागीण

ला गार्सिता
मंगळवार, ११ मे १९९३

एदिल्साताई,

सगळे जिवंत आहोत, बाकीचं सांगते. पाणी अंगणात आलंय. टेलिकॉमच्या खोलीत गुडघाभर पाणी, त्यामुळे फोनचं नाव काढू नका. हे पत्र आबुंदियोच्या लाँचनं मागांगेला जाईल आणि तिथून तो ते बारांकियाच्या बसवाल्याकडे देईल. तुमचं उत्तरही तसंच पाठवा.

घरात कुणाचीच कातडी धड नाही. आधी पोरांचं. विल्मरच्या नाकाखाली आणि हनुवटीवर फोड येऊन फुटलेत. त्यावर पिवळ्या खपल्या धरल्यात, काकवीचे थेंब वाळल्यासारख्या. तो त्या खरवडतो, तेच हात पाठीला पुसतो, आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर नवे. यादिसच्या मानेवर एक गोल चट्टा होता. तुमच्या भावाच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात. दिवसभर तळ्यात उभं राहून मासे धरायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार. तुम्ही मागे पाठवलेलं मलम संपलं म्हणून मी दुकानातून एक ट्यूब आणली. दुकानदार म्हणाला, "ही सगळ्यावर चालते, बिनघोर लाव." तीच सगळ्यांना चोपडतेय. यादिसची खाज लगेच थांबली, मी खूश झाले, आणि आता तो चट्टा मान सोडून खांद्यावर उतरलाय.

आणि तुमच्या मातोश्री. आईच्या दिवशी, परवाच्या रविवारी, सकाळपासून नवा झगा घालून झुलत्या खुर्चीत बसल्या होत्या. तुम्ही आला नाहीत. संध्याकाळपासून डावं अर्धं डोकं दुखतंय. दुखतंय म्हणजे जळतंय, असं म्हणतात. त्या बाजूला फणी टेकवू देत नाहीत. चुलीपाशी तापलेल्या डोक्यावर मी गार पाणी ओतलं म्हणून हे झालं, असं गावभर सांगून झालंय. एका डोळ्यानं जेवढं दिसतं तेवढ्यात त्यांना माझे सगळे दोष दिसतात.

मी थकले, ताई. कुणाला काय लावू ते कळवा.

लेदिस


बारांकिया
शुक्रवार, १४ मे

लेदिस,

पत्र काल मिळालं. आता ड्यूटी संपल्यावर, बूट न काढता लिहितेय, कारण बूट काढले की मी झोपेन. आमच्या कातडीच्या ओपीडीत आज बाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. एकानं गजकर्णावर बॅटरीतलं पाणी ओतलं होतं. एकीनं गळवावर टूथपेस्ट थापली होती आणि वर मलाच विचारते, "सिस्टर, कंपनी बदलून बघू का?" तेच तेच सांगून माझी जीभ झिजली. आता घरच्यांनाही तेच सांगायचं.

नीट वाच आणि ओनोफ्रेलाही वाचून दाखव. दुकानातली ट्यूब आधी फेकून दे. तिच्यात स्टेरॉइड आहे. त्यानं खाज थांबते, लाली उतरते, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि खाली बुरशी खुशाल वाढत राहते. यादिसला झालंय ते गजकर्णच. कड उठलेली, खवले धरलेली आणि मधला भाग साफ असेल, बघ. सोबत क्लोट्रिमॅझोलच्या ट्यूब पाठवतेय. सकाळ-संध्याकाळ, चट्ट्याच्या कडेबाहेरपर्यंत लाव, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही पुढे दोन आठवडे लावत राहा. तू बरं दिसलं की हात धुऊन मोकळी होतेस, म्हणून मुद्दाम सांगतेय.

ओनोफ्रेच्या चिखल्यांनाही तेच मलम. पण ओल्या पायांना लावलं तर ते फुकट गेलं समज. घरी आला की बेचक्या फडक्यानं कोरड्या करायला लाव, मग मलम. चिरलेल्या बेचक्यांतून जंतू आत शिरतात. पाय लाल होऊन सुजला, हाताला गरम लागला, तर लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेव. लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप चढला तर मासे राहू देत, दवाखाना गाठा.

विल्मरचं दुखणं जंतूंचं आहे, मधाच्या रंगाच्या खपल्यांवरून कळतं. कोमट पाण्यात फडकं भिजवून त्यावर धर, खपल्या मऊ झाल्या की साबणपाण्यानं अलगद काढ, आणि मग पुडक्यातली लाल टोपणाची ट्यूब लाव. नखं काप. टॉवेल वेगळा ठेव. अंगभर पसरलं किंवा ताप आला तर पोटातून औषध लागेल.

आईचं डोकं मला सांगू नकोस. कुणी यायचं राहिलं की ते दुखतंच. बाबा दुसऱ्या बाईकडे राहायला गेले तेव्हा महिनाभर दुखत होतं, आणि ते परत आले त्या दिवशी थांबलं. मला रजा मिळणार नाही हे मी तिला आधीच कळवलं होतं, तरी तिनं झगा घातला. एक गोळी दे आणि घटकाभर तिच्याजवळ बस. तुलाही जरा टेकायला मिळेल.

एदिल्सा


ला गार्सिता
सोमवार, १७ मे

एदिल्साताई,

औषधांचं पुडकं मिळालं. दुकानातली ट्यूब पाण्यात फेकली. विल्मरच्या खपल्या तुम्ही सांगितलं तशा काढल्या. तो केवढा ओरडला, पण खालची कातडी गुलाबी दिसतेय.

आता जे सांगते ते ऐकून घाबरू नका, संकट टळलंय. शुक्रवारी सकाळी सासूबाईंच्या कपाळाची डावी बाजू लाल झाली आणि फोडांचे घोस उठले. भुवईवर, पापणीवर, वर केसांतसुद्धा. म्हणजे डोकं उगाच दुखत नव्हतं. मंत्र घालायला एवारिस्तोकाकांना बोलावलं. त्यांनी हॅट काढली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "नागीण आहे. कमरेला बसायची ती कपाळावर चढलीय. डोक्याभोवती फिरून हिचं तोंड शेपटीला लागलं तर एमेरिता आपल्यात राहत नाही." तुमचा भाऊ मगरीला शेपटीला धरून ओढतो, तो चुलीमागे जाऊन बसला.

काकांनी हाग्वाच्या फळाचा रस काढून काळी शाई केली आणि सासूबाईंच्या कपाळावर मधोमध, केसांपासून नाकाच्या मुळापर्यंत, रेघ ओढली. नागिणीनं ही ओलांडायची नाही. मग पाठीला पाठ लावून बसले आणि प्रार्थना पुटपुटत राहिले. आम्ही सगळे त्या रेघेकडे डोळे लावून. आणि ताई, थांबली. रेघेपलीकडे एक फोड नाही. उजवं कपाळ कोरं. काका म्हणतात, आजवर त्यांची रेघ एकाही नागिणीनं ओलांडलेली नाही. काल कोंबडी कापली, काकांना दोन्ही तंगड्या दिल्या.

आता बारीकसारीक काय ते राहिलंय. नाकाच्या शेंड्यावर डाव्या बाजूला एक फोड आलाय, मुलं आजीला विदूषक म्हणून चिडवतात. डोळा लाल आहे, पाणी गळतं, उजेड नको म्हणतात. शाई गेली असेल थोडी. पथ्य एकच आहे. शाई आपोआप उडेपर्यंत त्यांनी पाणी ओलांडायचं नाही, नाहीतर नागीण जागी होते. आणि हाग्वाची शाई साबणानं जात नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे त्या घरात आणि मी त्यांच्या तावडीत.

मी डोक्याचं लिहिलं तेव्हा तुम्ही म्हणालात, कुणी आलं नाही की दुखतं. मी काही बोलत नाही.

लेदिस


बारांकिया
बुधवार, १९ मे

लेदिस,

पत्र वाचून होण्याआधी पुडक्यातली एक गोळी आईला दे. मग पुढचं वाच.

आईला पहिल्या लाँचनं मागांगेला ने आणि डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव. उद्यावर ढकलू नकोस.

नागीण काकांच्या रेघेमुळे थांबली नाही. ती एका शिरेतून येते, आणि डाव्या बाजूच्या शिरा अंगाच्या मधोमध संपतात. म्हणून ती एकाच बाजूला राहते, कमरेवर असो की कपाळावर. काका घरी झोपून राहिले असते तरी ती तिथंच थांबली असती. तुम्ही सगळे ती पलीकडे जाते का ते बघत बसलात आणि ती आत शिरली. नाकाच्या शेंड्याला जी शीर जाते तीच डोळ्यात जाते. कपाळावर नागीण आणि नाकाच्या टोकावर फोड असा माणूस आला की आम्ही त्याला रांगेत उभं करत नाही, उचलून डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो. आणि आईचा उजवा डोळा जाळ्याच्या शिशाच्या गोळीनं फुटला तेव्हा मी पाळण्यात होते. तिला हा एकच आहे.

गोळ्या असायक्लोव्हिरच्या आहेत. दिवसातून पाच वेळा द्यायच्या, सात दिवस, आणि पाणी भरपूर पाजायचं. फोड उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर जास्त गुण येतो. आता ते दिवस गेले, पण डोळ्याचं असलं की उशिरानंही देतात. डोळ्यात काहीही घालू नकोस, मध नाही, लिंबू नाही, कुणा बाळंतिणीचं दूध नाही, आणि दुकानातली दुसरी ट्यूब तर मुळीच नाही. फोड स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसायचे, ते फडकं उकळायचं. मुलांना कांजिण्या झालेल्या नाहीत, तेव्हा फोडांना हात लावू देऊ नकोस. त्यांतूनच त्यांना कांजिण्या येतील. गल्लीत कुणी गरोदर असेल तर तिला घरात घेऊ नकोस.

तू पहिल्या पत्रात सगळं लिहिलं होतंस. एक बाजू, जळजळ, फणी लावू देत नाही. हेच कुणा परक्या बाईनं खिडकीशी येऊन सांगितलं असतं तर मी लगेच ओळखलं असतं. माझीच आई म्हणून मला वाटलं, रुसलीय.

मी येत नाहीये. आम्ही दोघी होतो, त्यातली एक बाळंतपणाला गेली, आता ओपीडीत मी एकटी. लिहायची लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. आईनं पाण्याचं पथ्य सांगितलं तर तिला खुर्चीसकट उचलून लाँचमध्ये ठेव. नंतर मला शिव्या देऊ देत.

एदिल्सा


मागांगे, दवाखान्याचा ओटा
सोमवार, २४ मे

एदिल्साताई,

आम्ही इथे आहोत. आधी हे सांगते, मग बाकीचं.

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारच्या लाँचनं आलं. गोळी दिली, पत्र वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मी पाणी ओलांडणार नाही. मला मारायला निघालात का सगळ्या मिळून?" तुमचा भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला, "काकांना विचारल्याशिवाय मी होडीत पाय ठेवणार नाही." तुमच्या वडिलांना साप चावला होता तेव्हा काकांनीच उतरवला होता ना, तो उपकार डोक्यावर. मी म्हटलं, "तुझ्या बहिणीनं एवढ्या लांबून गोळ्या पाठवल्यात ते काय गंमत म्हणून?" तरी हलला नाही.

मग मीच गेले काकांकडे. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण तो म्हातारा भांडला नाही. म्हणाला, "पोरी, रेघ मीच मोडली तर उद्या ज्याला नागीण होईल त्यानं माझ्या रेघेवर भरवसा कसा ठेवायचा? पण पथ्य एमेरिताचं आहे. तिनं आपल्या डोळ्यानं आरशात बघून शाई उडाली म्हणून सांगितलं, तर मी कोण अडवणारा." आणि माझ्याबरोबर चालत आला.

ताई, शाई कुठली उडतेय. कोळशानं ओढल्यासारखी काळीभोर होती. मी मनात ठरवलं होतं, हात-पाय बांधून न्यायच्या. त्या म्हणाल्या, "आण तो आरसा." मी दिला. त्यांनी तो तोंडाजवळ धरला, दाराकडे वळवला, पुन्हा जवळ आणला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "उडाली की गं. चल, आबुंदियो निघून जाईल."

रेघ तिथंच होती, दोन बोटांवर, आणि त्यांना दिसत नव्हती. डोळा इथपर्यंत गेलाय हे मला तेव्हा कळलं, आणि बोलायची सोय नव्हती, कारण बोलले असते तर त्या उठल्या नसत्या. काका दारात उभे होते. त्यांनी रेघ बघितली, मला बघितलं, हॅट डोक्यावर ठेवली आणि बाजूला झाले. तुमच्या भावानं सासूबाईंना उचललं. लाँचमध्ये त्यांनी माझा हात धरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही इतका घट्ट की अंगठी रुतली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुबुळाला आतून सूज आहे. डोळ्यात घालायचे थेंब दिलेत, गोळ्या तुमच्याच चालू ठेवल्यात. डोळा राहील का विचारलं, तर म्हणाल्या, थोडे आठवडे जाऊ द्या, आज कुणीच सांगू शकणार नाही. तुमच्या गोळ्यांबद्दल मात्र दोनदा विचारलं, कुणी दिल्या म्हणून. मी सांगितलं, नणंदेनं.

मला नीट झोप नाही. इथल्या ओट्यावर डास फार.

लेदिस


बारांकिया
बुधवार, २ जून

लेदिस,

आरशाचं वाचलं आणि ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन दार लावून बसले. बाहेर लोक थांबले होते म्हणून उठले.

तू केलंस ते मला जमलं नसतं. मी तिच्याशी वाद घातला असता, रेघ, शीर, सगळं समजावत बसले असते, आणि लाँच निघून गेली असती.

पुढचं ऐक. फोड सुकले तरी जळजळ राहू शकते, महिनोन् महिने, या वयात तर फारच. चादर लागली तरी ती ओरडेल. नाटक म्हणू नकोस, मीही म्हणणार नाही. ठणक्यासाठी मागांगेला वेगळ्या गोळ्या मिळतात, डॉक्टरीणबाईंना विचार. थेंब त्या सांगतील तेव्हाच बंद करायचे, डोळा पांढरा दिसू लागला म्हणून नाही. मुलांच्या अंगावर पाणीदार फोड आले तर त्या कांजिण्या. नखं कापून ठेव, तापाला पॅरासिटामॉल दे, ॲस्पिरिन देऊ नकोस.

डोळ्याचं कळलं की लगेच लिही. वाईट असलं तरी लिही. मला डिसेंबरात रजा देतो म्हणालेत.

एदिल्सा


ला गार्सिता
रविवार, ३ ऑक्टोबर

एदिल्सा पोरी,

मी बोलतेय आणि लेदिस लिहितेय. पदरचं काही घातलंस तर यादिसकडून वाचून घेईन, असं तिला सांगितलंय.

लेदिस तुला दोनदा लिहायला बसली आणि दोन्ही कागद चुलीत घातले. म्हणून मीच सांगते. डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात बघितलं. सूज गेली. बुबुळावर डाग राहिला, तो जाणार नाही. भाताच्या पेजेतून बघावं तसं दिसतं. हाताच्या अंतरावर माणूस ओळखू येतो, त्यापलीकडे रंग. त्या म्हणाल्या, गोळ्या पोचल्या नसत्या तर रंगही गेले असते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, त्या म्हणाल्या म्हणून सांगते.

कपाळ अजून जळतं. वारा लागला तरी. जाळं विणते, बोटांना गाठी माहीत आहेत. लेदिसनं एक विणायला घेतलंय, तिच्या गाठी मी सोडवत बसते, तेवढाच वेळ जातो. मुलांना कांजिण्या आल्या, एक उठला की दुसरी झोपली. ही बाई तेव्हा बसून झोपायची. यादिसची मान साफ झाली. ओनोफ्रे पाय पुसत नाही, त्याला तू लिही, माझं ऐकत नाही.

एवारिस्तो येतो अधूनमधून. आता कुणाच्या तोंडावर नागीण असली तर रेघ ओढतो आणि लगेच मागांगेला पिटाळतो. पाण्याचं पथ्य त्यानं फक्त कमरेच्या नागिणीला ठेवलंय.

आता एक सांगते. लेदिसनं तुला लिहिलं, गावालाही सांगितलं, की त्या दिवशी मला आरशात रेघ दिसली नाही. दिसली होती. चांगली काळी, भुवईपाशी थोडी वाकडी, म्हाताऱ्याचा हात कापतो ना. पण मी तसं बोलले असते तर हिला नवऱ्याशी भांडून मला न्यावं लागलं असतं, आणि ते भांडण या घरात मी मरेपर्यंत राहिलं असतं. एवारिस्तोचा शब्दही मोडला असता. आणि तुझं पत्र मी ऐकलं होतं. तू घाबरून कधी लिहीत नाहीस. नागिणीची मला भीती वाटत होती, लाँचमध्ये बसले तेव्हा तर फारच. हिचा हात सोडला नाही तो त्यासाठी.

थांबलीय ही. लिही गं. रडायचं तर नंतर रड, शाई पसरेल.

त्या आरशानंतर मला काही इतकं स्वच्छ दिसलं नाही. म्हणून तुझं तोंड आठवून बघते, तर मागच्या वेळचं आठवतं, आणि त्याला आता तीन वर्षं झाली. तू जाड झालीस म्हणे. डिसेंबरात रजा दिलीय तर ये. नाही दिली तरी ये. धक्क्यावर त्या दिवसांत फार गर्दी असते, शहरातून सगळ्यांचीच पोरं उतरतात. मी तिथे उभी असेन, पण मला सगळी सारखीच दिसतील. लाँचमधून उतरलीस की लांबून हात हलवत बसू नकोस. जवळ ये आणि आधी बोल.

तुझी आई
एमेरिता